पुरात बुडालेली एमजीए विकायची आहे. रंगवून विकू की आहे तशी?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न तीनच आहेत, पण हकीकत मोठी आहे. घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

माझ्याकडे १९५७ सालची एमजीए १५०० आहे, एमजी कंपनीची विलायती गाडी. उघडी, दोन सीटांची, स्टिअरिंग उजवीकडे, तारेची चाकं. मूळ रंग लाल. आताचा रंग वाळलेल्या आमसुलासारखा. बाबांनी १९७३ साली पुण्याच्या कॅम्पातल्या एका वयस्कर गृहस्थांकडून ११ हजारांना घेतली. बाबा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट. आजी तेव्हा म्हणाली होती, "छप्पर नसलेली गाडी घेतलीस, आता भिंती नसलेलं घर घे." गावभागात आमचा वाडा आहे, मागे गोठा. बहात्तरच्या दुष्काळात म्हशी विकल्या होत्या, गोठा रिकामाच होता. तिथे गाडी लागली ती आजतागायत.

ही गाडी शोभेची कधीच नव्हती. बाबा रोज कारखान्यावर न्यायचे. डिकीवरच्या जाळीवर बांधून आंब्याच्या पेट्या आल्यात, मिरजेहून तंबोरा आलाय, एकदा तर कुत्रीची पाच पिल्लं आली. मैलांचा काटा १९९१ साली अडकला तो तिथेच आहे, त्यामुळे कुणी "किती चाललीय?" विचारलं की मी "भरपूर" म्हणते. टपाचं कापड ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याने शिवलंय. बाजूच्या खिडक्या काचेच्या नसतात, सुट्या लावायच्या असतात. त्या इतक्या पिवळ्या पडल्यात की आतून कायम संध्याकाळ वाटते.

मी १९८४ साली हिच्यावरच शिकले आणि विलिंग्डन कॉलेजला हीच घेऊन जायचे. चालू करायची पद्धत अशी. किल्ली फिरवली की मागून एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टक टक टक करायला लागतो. कार्बोरेटरची भांडी भरत आली की टकटक मंदावते, मग थांबते. मग चोक ओढायचा आणि स्टार्टरची वेगळी मूठ आहे ती ओढायची. नुसत्या किल्लीने गाडी सुरू होत नाही हे मी आजवर दोनशे लोकांना तरी सांगितलं असेल. पंप टकटकला नाही तर मागे जाऊन त्याला हलका ठोका द्यायचा. त्यासाठी गाडीत आईचं जुनं लाटणं असतं. ते गाडीबरोबर जाईल.

१९८६ साली कोल्हापूरहून येताना अंकलीच्या पुलाजवळ ऑईल प्रेशरचा काटा एकदम खाली बसला. बाबांनी गाडी बंद करेपर्यंत बेअरिंगं गेली, क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याला, चरे पडले. तेव्हा इथे तिचा क्रँक कुठून मिळणार? मिरजेच्या मिस्त्रींनी अँबॅसडरचं इंजिन बसवलं. दोन्ही एकाच घराण्यातली, बीएमसी या इंग्रजी कंपनीची बी-सिरीज, १४८९ सीसी. जुने दोन एसयू कार्बोरेटर तेवढे नव्या इंजिनावर आले. दोन रात्री दिवा धरून मी उभी होते, तेव्हापासून मला स्पॅनरचे नंबर हाताला कळतात.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आम्ही आदल्या रात्री आईला घेऊन विश्रामबागला दिराकडे गेलो. गाडीला पासिंग नव्हतं, टायर बसलेले, आणि खरं सांगायचं तर पाणी गोठ्यापर्यंत येईल असं वाटलंच नाही, २००५ ला ते उंबऱ्यावरून मागे फिरलं होतं. परत आलो तेव्हा भिंतीवर गाळाची रेघ होती. ती डॅशबोर्डच्या खालच्या कडेला जुळत होती. सीटांमध्ये गाळ, दिव्यांच्या काचांमध्ये पाणी. सीटांमागच्या खड्ड्यात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, तिथे एक मासा होता. मेलेला. हिच्या पायाखालची जमीन प्लायवुडची असते, ती फुगून पोळीसारखी पापुद्र्यांनी सुटली होती. इंजिनातलं ऑईल काढलं तर दुधाचा चहा. प्लग काढून आत डिझेल ओतलं, चार दिवस मुरवलं, मग चौथ्या गिअरला टाकून गल्लीतल्या पोरांनी ढकलली. सुटलं इंजिन. महिन्याभराने चालूही झालं. जमिनीला नवीन मरीन प्लाय घातला. त्यानंतर बॅटरीच्या दुकानातला पोरगा माझ्या अपरोक्ष नवी बॅटरी लावून गेला, आणि सगळ्या गाड्यांना लावतो तशी लावली. हिची पॉझिटिव्ह वायर बॉडीला असते. कटआउटचे, म्हणजे डायनामो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डबीचे, पॉइंट जळाले. ते दुरुस्त केलंय.

आता विकायची कारणं. वाडा बिल्डरला दिलाय, आम्ही फ्लॅटमध्ये जातोय, पार्किंग एकच. माझा डावा गुडघा बदललाय आणि क्लच जड आहे. मुलगा बंगळुरूला आहे, त्याला बाबांचा चष्मा हवाय, गाडी नको.

दोन महिने तोंडी सांगून पाहिलं. पहिला फोन आला तो, "मॅडम, साहेबांना द्या जरा." साहेबांना स्टेपनी कुठे असते तेही माहीत नाही. एक जण पुण्याहून आला, दार उघडायला मूठ शोधत दोन्ही बाजूंनी फिरला. बाहेरून मूठ नसते हिला, हात आत घालून दोरी ओढायची. मी मुद्दाम सांगितलं नाही. तो साडेसहा लाख म्हणाला, "नुसता ढाचा आहे" म्हणाला, आणि मला मोबाईलवर विलायतेतल्या चकचकीत गाड्या दाखवत बसला.

तर प्रश्न असे. रंगकाम, सीटा वगैरे करून विकावी की आहे तशी? भाऊ म्हणतो पुराचं बोलू नकोस, रंगाखाली कुणाला दिसणार आहे. माझ्या तोंडून ते लपवलं जाईल असं वाटत नाही, पण सांगून किती नुकसान होतं? आणि कागद अजून बाबांच्या नावावर आहेत. ते २०११ ला गेले, पासिंग २०१४ ला संपलं. काय करावं?

---

हॉर्न_हळू

फोटो टाका की.

---

पेठकर, पुणे

इंजिन अँबॅसडरचं, जमीन मरीन प्लायची, टप ट्रॅक्टरवाल्याचा, रंग आमसुलाचा. यात एमजीए नक्की कुठे आहे ते सांगितलंत तर किंमत सांगता येईल.

बाकी साडेसहा हा भाव अगदीच चोरीचा आहे. पुण्याचा असून सांगतो.

---

कऱ्हाडचा फिटर

ताई, रंग देऊ नगा. पयलं ह्ये.

मी ३० वर्सं जुन्या गाड्यांचं काम करतोय, त्यातल्या दोन एमजी व्हत्या. नवा रंग दिसला की जाणतं गिऱ्हाईक आदी दोन पावलं मागं सरतंय. त्येला वाटतंय खाली लांबी, म्हंजी पुट्टी, भरलीया. आन तुमी दोन-अडीच लाख घालून रंग दिलासा तरी घेणारा त्येच्या मनाचा रंग पुन्यांदा देणारच. त्यो पैसा पाण्यात. (पुराचं न्हाय म्हणत, तुमी समजून घ्या.)

आमसुली रंग ऱ्हाऊ द्या. त्येच्यात कुटं फुगलंय कुटं न्हाय ह्ये उघडं दिसतंय, गिऱ्हाईकाला त्येच पायजे.

आता खरं दुकणं रंगात न्हाय, चेसिसमदी हाय. ह्या गाडीची चेसिस येगळी आसती, वरची बॉडी येगळी. चेसिसचं उभं गज आतनं पोकळ. पुराचं पाणी गेलं तरी गाळ आत ऱ्हातोय, आन त्यो गाळ पावसाळ्यात वल धरतोय. भायरनं गज झ्याक दिसंल, आतनं वाळवी लागल्यावाणी. तुमी येक करा. बारकी हातुडी घ्या, गाडीखाली शिरा, न्हायतर पोराला घाला, आन पुढनं मागं गज वाजवत चला. ठण्ण वाजलं तर बरं. ठप्प वाजलं तर गाळ न्हायतर गंज. जितं वाजंल तितं खडूनं खूण करा. जमिनीच्या फळ्या ज्या पट्टीवर बसत्यात ती पट्टी आन बॅटरीचा पाळणा, ह्ये दोन जागचं बगाच.

अजून येक. गिऱ्हाईक चुंबक घिऊन येतंय. दाराला, बॉनेटला आन डिकीच्या झाकणाला चुंबक चिकटणार न्हाय आन ते म्हणंल समदी लांबी हाय. त्येला सांगा ते ॲल्युमिनियमचं आसतंय, कारखान्यातनंच. चुंबक मडगार्डाला आन दाराच्या खालच्या पट्टीला लावून बगा म्हणावं.

जुनं इंजिन काय केलं? भंगारात घातलं आसंल तर सांगू नगा, मला झोप लागायची न्हाय.

---

कागदवाला, सातारा

मावशी, गाडीतलं मला काही कळत नाही. कागदाचं सांगतो, आरटीओबाहेर २२ वर्षं बसलोय.

आधी गाडी बाबांच्या नावावरून तुमच्या नावावर आली पाहिजे. वारसाने नाव लावायचा फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक, आणि तुमच्या आईचं, भावाचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. नियमात मुदत तीन महिन्यांची आहे. तुम्हाला १४ वर्षं झाली, तर उशिराचा दंड लागेल. तो भरायचा आणि मोकळं व्हायचं. मयताच्या सहीचे विक्रीचे फॉर्म २९-३० चालवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तसल्या कागदांनी विकलेली गाडी तुमच्या मानगुटीवर बसते.

नाव लागलं की पुढे दोन वाटा. एक म्हणजे नेहमीसारखं पासिंग करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवायची. दुसरी म्हणजे विंटेजची नोंदणी. केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम आणलाय, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. जुना नंबर चालू नोंदणीतला असेल तर तो राखता येतो. विक्री करता येते, घेणाऱ्या-देणाऱ्याने ९० दिवसांत कळवायचं.

पण दोन गोष्टी नीट ऐका. विंटेज नोंदणीची गाडी रोज वापरायची नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. त्यावर मंडईत जाता येणार नाही. दुसरं म्हणजे गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि ते बघायला समिती असते. १९८६ साली इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात केली होती का? नसेल केली तर बुकात एक नंबर आणि गाडीत दुसरा. समितीसमोरच कशाला, साध्या पासिंगलाही तिथेच गाडी अडेल.

आणि तोवर ट्रायलसाठी रस्त्यावर काढू नका. पासिंग नाही, विमा नाही. वाड्याच्या आत हवी तेवढी फिरवा.

---

यवतेश्वर, सातारा

ताई, तुमचं वाचून माझ्या हेरल्डची आठवण आली. तीही तशी साहेबाचीच लेक, पण मद्रासला बांधलेली स्टँडर्ड हेरल्ड. पाच वर्षांपूर्वी विकली. जे शिकलो ते सांगतो.

मी बावळटपणा केला तो असा, की चार फोटो टाकले, चारही समोरून, चारही संध्याकाळच्या उन्हात. त्यामुळे आले ते सगळे लग्नाच्या फोटोवाले आणि हॉटेलच्या दारात उभी करायला गाडी शोधणारे. तीन रविवार वाया गेले. त्यातला एक तर बायकोमुलांना घेऊन आला, यवतेश्वरच्या घाटात चक्कर मारली, कंदी पेढे खाल्ले आणि "कळवतो" म्हणून गेला तो गेलाच. मग मी फोटो बदलले. गाडीखालून काढले, गंज दाखवला, बॅटरीखालचा पत्रा दाखवला. फोन एकदम कमी झाले. महिन्यात तीनच. पण त्या तिघांनी पहिला प्रश्न विचारला तो "डिफरन्शियल आवाज करतं का". त्यातल्याच एकाने घेतली. म्हणून पुराचं तर सांगाच, आणि फोनवर सांगू नका, जाहिरातीतच लिहा. फोनवर सांगितलं की माणूस भाव पाडायला ते वापरतो. जाहिरातीत वाचून जो येतो त्याने ते मनात धरूनच भाव ठरवलेला असतो.

थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ काढा. किल्ली, टकटक, चोक, मूठ, सगळं न कापता. गाडी बघायला येणाऱ्यालाही सांगा की आधी चालू करून ठेवणार नाही, बॉनेटवर हात ठेवून बघ थंड आहे का.

पेट्रोलचं बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात, कार्बोरेटरच्या सुईखाली घाण बसते आणि भांडं वाहायला लागतं. माझ्या हेरल्डचं आधी १० टक्क्यांतच तसं झालं होतं. गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून येतं. तुमच्या बाबांनी आयुष्यभर जी मळी तपासली तीच आता त्यांच्या गाडीच्या नळ्या खातेय. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात. रंगावर खर्च करू नका, यावर करा. दाखवायला चालू केलेल्या गाडीखाली पेट्रोल ठिबकलं तर भाव सोडा, आग लागायची भीती.

पैशाचं. इसार घेतल्याशिवाय कुणासाठी गाडी राखून ठेवू नका. आणि पिशवी भरून रोख आणणारे येतील. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. बँकेतून घ्या. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नसतो, त्यामुळे लपवायचं काही कारणच नाही.

---

कृष्णाकाठची, सांगली

सगळ्यांचे आभार. पेठकर, तुमचा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवला. उत्तर आहे, पण ते खाली.

फिटरदादा, हातोडी घेऊन शेजारच्या पोराला गाडीखाली घातलं. त्याला आधी चांगल्या गजावर वाजवून दाखवलं, मग म्हटलं आता तू ऐकत जा. उजवीकडे सगळं ठण्ण. डावीकडे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली सुमारे दीड वीत ठप्प. तिथे खालून एक भोक आहे, ते गच्च बुजलेलं. पोराने सायकलची तार घातली आणि आतून कोरडी माती गळायला लागली. बारीक, करडी, पिठासारखी. वाटीभर निघाली, मग अजून एक वाटी. २०१९ चा पूर मी वाटीने काढत होते. आत गंज किती आहे ते भोकातून दिसत नाही. खडूने खूण केलीय, फोटो काढलाय.

आणि इंजिन. दादा, तुम्ही झोपा. भंगारात घातलेलं नाही. बाबांनी काही म्हणजे काही टाकलं नाही कधी. हेड आणि बाकीचे सुटे भाग माळ्यावर पेटीत आहेत, माळा बुडाला नव्हता. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मूळ धूड, मात्र परसात आहे. आडाजवळ. त्यावर शहाबादी फरशी टाकलीय आणि ३९ वर्षं आम्ही त्या फरशीवर धुणं धुतोय. आईला विचारलं तर म्हणाली, "ते होय, मला वाटलं पाण्याच्या मोटरीचं आहे."

काल फरशी सरकवली. गोगलगायी, साबणाचा थर. खराट्याने, मग तारेच्या ब्रशने घासलं. उजव्या अंगाला, डायनामो बसतो त्याच्या वर, दोन रिव्हेटांनी एक पत्र्याची पट्टी मारलेली असते असं बाबा दाखवायचे. आहे ती. अर्धी खाल्लीय. वाचता येईना म्हणून वर कागद ठेवून पेन्सिल घासली, आम्ही लहानपणी नाण्यावर करायचो तशी. १५जी असं सुरू होतं आणि पुढचे आकडे उमटले. आत जाऊन बाबांचं आरसी बुक काढलं. कागदवाले, तुमचा अंदाज बरोबर. १९८६ ची नोंद केलेलीच नाही. बुकात हाच नंबर आहे, शेवटच्या आकड्यापर्यंत.

म्हणजे पेठकर, एमजीए परसात होती.

आता नवा प्रश्न. हा ब्लॉक बसवून घेऊन मग विकू? सिलिंडर गंजलेत, एकात तर मुळं शिरलीत.

---

कऱ्हाडचा फिटर

ताई!! लई भारी.

बसवू नगा. तसाच ठिवा, गाडीसंगट द्या. कोल्हापुरात उद्यमनगरात चारी सिलिंडरला लायनर, म्हंजी आतनं नवी नळी, मारून मिळतंय, ब्लॉकला चीर नसली म्हंजी झालं. पर ते काम घेणारा त्येच्या मिस्त्रीकडनं करून घील. तुमी केलासा आन उद्या धूर मारला तर तुमच्या नावानं बोंब.

ती पट्टी आता घासू नगा. तारंचा बुरूस तर लांबच ठिवा. वाईच तेल लावा, फडकं गुंडाळा. त्या पट्टीलाच भाव हाय. पेन्सिलचा कागद आरसी बुकात घाला.

---

कागदवाला, सातारा

बसवायचं की नाही ते फिटरदादा सांगतील. कागदाच्या बाजूने सांगतो, मूळ ब्लॉक आणि बुकातला नंबर एक आहे, म्हणजे घेणाऱ्याने तो बसवला की विंटेजची वाट मोकळी होते. विक्रीच्या करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. सध्या गाडीत असलेल्या इंजिनाचा नंबर वेगळा आहे. मूळ ब्लॉक सोबत दिला आहे. गाडी २०१९ च्या पुरात होती. दोघांच्या सह्या. उद्या कुणी ग्राहक आयोगात जायची भाषा केली तर हा कागद पुरे.

---

पेठकर, पुणे

शब्द मागे घेतो. फक्त ट्रॅक्टरवाल्याचा टप सोडून.

एक कामाचं. इंग्लंडात गेडन इथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याच्या जुन्या वह्या त्यांच्याकडे आहेत. चेसिस नंबर कळवला की पैसे घेऊन दाखला देतात. गाडी कुठल्या तारखेला बांधली, कुठला रंग, कुठलं इंजिन, कुठल्या देशाला पाठवली. १९५५ ते १९६२ मध्ये लाखावर एमजीए बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, डाव्या स्टिअरिंगच्या. उजव्या स्टिअरिंगची, इंजिनाचा नंबर जुळणारी, कागद एकाच घरातले, हे कागदावर आलं तर तुमच्या पुण्याच्या पाहुण्याला "ढाचा" म्हणताना जीभ चावावी लागेल.

---

हॉर्न_हळू

फोटो??

---

कृष्णाकाठची, सांगली

फोटो टाकलेत, बाबा. खडूची खूण असलेला पहिलाच आहे.

पंधरा दिवसांत झालं ते सांगते. फॉर्म ३१ दिला. भावाची सही मिळाली, "तुझं तू बघ" या शेऱ्यासह. गेडनला अर्ज केलाय. पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, जुन्या बोटाने दाबल्या तर चिकट गोळा. रंगाला हात लावलेला नाही. फरशीची जागा रिकामी झाल्यामुळे आई रोज एकदा विचारते की धुणं कुठे धुवायचं. तिला फ्लॅटमध्ये मशीन आहे हे सांगून झालंय, तिला ते पटलेलं नाही.

जाहिरात यवतेश्वरांनी सांगितली तशीच केली. पहिली ओळ, "२०१९ च्या पुरात डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होती." दुसरी ओळ इंजिनाची. मग बाकीचं. किंमत आकड्यात टाकली, "योग्य ऑफर" वगैरे नाही. आकडा इथे लिहीत नाही, पेठकर आहेत म्हणून.

दहा दिवसांत चार फोन. दोघांना पुरानंतर काय काय केलं ते ऐकायचं होतं, घ्यायची नव्हती. एकाने "साहेब आहेत का" विचारलं, त्याला साहेबांना दिलं. ते त्याच्याशी अर्धा तास उसाच्या बिलाबद्दल बोलले. चौथा फोन फलटणहून. बाईंचा. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं, आता त्या आणि दीर बघतात. त्यांनी विचारलं, गाळ भोकातून किती निघाला, वाटीने सांगा. मी म्हटलं अडीच. त्या म्हणाल्या, मग मी एंडोस्कोप, म्हणजे नळीचा कॅमेरा, घेऊन येते, आतून गज बघू, आणि आत खाल्लेलं असेल तर तुमच्या आकड्यातून किती कमी करायचं ते तिथेच सांगते, नंतर फोनवर घासाघीस करणार नाही. बोलणं थोडं तुमच्यासारखंच, फिटरदादा. उगाच जाहिरातबाजी नाही.

त्या रविवारी येताहेत. गाडी थंडच ठेवणार आहे.

दादा, कऱ्हाडहून तुम्हाला यायला जमेल का? दहापर्यंत आलात तर बरं. मला गजाच्या आतलं चित्र बघून कळणार नाही, आणि त्या बाई सरळ वाटल्या तरी माझ्या बाजूने बघणारं कुणीतरी असावं. जेवायला थांबा, भरलं वांगं आणि भाकरी करते. एक पोरगा सोबत आणा. ब्लॉक आडापासून गोठ्यापर्यंत न्यायचाय आणि आमच्या साहेबांची कंबर धरलीय.